जुना हॅण्डहेल्ड गेम नव्या मशीनसाठी पुन्हा कसा घडवतात? गेम बॉयच्या पोकेमॉनपासून पुण्यातल्या प्रयत्नापर्यंत

भंडारा शहराची जुनी ओळख पितळी भांड्यांची. जुनं पितळी भांडं पुन्हा वापरात आणायचे दोन मार्ग तिथल्या घरांना चांगले माहीत आहेत. एक म्हणजे कल्हई करून घ्यायची. भांडं तेच राहतं, फक्त आतून पुन्हा चकचकीत होतं. दुसरा म्हणजे भांडं मोडीत घालायचं आणि त्याच घाटाचं नवीन घडवून घ्यायचं. दुसऱ्या मार्गात खर्च जास्त आणि धोकाही जास्त, कारण नवीन भांडं हातात घेतल्यावर आजी म्हणू शकते, "छान आहे, पण हे आपलं नाही."

व्हिडिओ गेमच्या धंद्यात नेमकं हेच चालतं. नव्वदच्या दशकात हातातल्या छोट्या मशीनवर गाजलेले रोल-प्लेइंग गेम आज नव्या मशीनसाठी पुन्हा बनवले जातात आणि कोट्यवधी लोक ते पुन्हा विकत घेतात. यात फक्त ग्राफिक्स सुधारतात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात जवळपास सगळा खेळ नव्यानं लिहावा लागतो. आणि सगळ्यात अवघड प्रश्न तंत्राचा नसतोच. जुन्या खेळातली कुठली गोष्ट मशीनच्या मर्यादेमुळे तशी होती आणि कुठली गोष्ट म्हणजेच तो खेळ होता, हे ठरवणं सगळ्यात अवघड असतं.

पोर्ट, रीमास्टर, रीमेक, इम्युलेटर: फरक काय?

हे चार शब्द सोशल मीडियावर सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

इम्युलेटर म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. नव्या स्वयंपाकघरातच चूल मांडल्यासारखं. खेळ तोच, बदल शून्य. भारतात २००३ पासून कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन पाहणाऱ्या अनेक मुलांच्या हातात मूळ गेम बॉय कधी आलाच नाही. त्यांनी हे खेळ पुढे कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर इम्युलेटरमधूनच पाहिले.

पोर्ट म्हणजे चुलीवरचं भांडं गॅसवर चढवणं. खेळ तोच, पण नव्या मशीनला चालेल इतके बदल करून.

रीमास्टर म्हणजे कल्हई. आतला खेळ तोच ठेवून चित्रं आणि आवाज स्वच्छ केले जातात.

रीमेक म्हणजे नव्यानं घडवणं. कथा, जागा आणि पात्रं जुनी, पण कोड, चित्रं, संगीत आणि बऱ्याचदा नियमही नवे.

मूळ मशीन किती छोटं होतं?

निन्टेन्डोचा गेम बॉय जपानमध्ये एप्रिल १९८९ मध्ये आला. त्याचा स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेलचा होता, म्हणजे एकूण २३,०४० ठिपके. रंग नव्हतेच, हिरवट पडद्यावर फक्त चार छटा दिसायच्या. काम करायला मेमरी ८ किलोबाइट. आवाजासाठी चार चॅनेल.

या मशीनवर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन रेड' आणि 'पोकेमॉन ग्रीन' प्रसिद्ध झाले. गेम फ्रीक या कंपनीचे संस्थापक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडण्याचा नाद होता. दोन गेम बॉय केबलनं जोडून आपण पकडलेले प्राणी एकमेकांना द्यायचे, ही कल्पना त्यातून आली. खेळ पूर्ण व्हायला सुमारे सहा वर्षं लागली.

१५१ प्राणी, शहरं, गुहा, संवाद, संगीत हे सगळं ५१२ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवलं होतं. आजच्या मोबाईलमधला एक साधा फोटोही यापेक्षा मोठा असतो. खेळ कुठपर्यंत आला हे लक्षात ठेवण्यासाठी कार्ट्रिजमध्ये बटणाएवढी बॅटरी होती. ती संपली की साठवलेला खेळही गेला.

तुलनेसाठी, निन्टेन्डो स्विचचा हातातला स्क्रीन १२८० बाय ७२० पिक्सेलचा आहे. म्हणजे गेम बॉयच्या बरोबर ४० पट ठिपके. ही ४० पट जागा भरायची कशानं, हा रीमेक करणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न असतो.

जुना कोड उचलून नव्या मशीनवर का टाकता येत नाही?

गेम बॉयचे खेळ असेम्ब्ली भाषेत लिहिले जायचे. ही भाषा थेट त्या एका प्रोसेसरशी बोलते, दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरला ती कळत नाही. २००१ मध्ये आलेल्या गेम बॉय अॅडव्हान्सचा प्रोसेसर ३२ बिटचा होता. जुनी कार्ट्रिज चालावीत म्हणून त्या मशीनमध्ये जुन्या जातीचा प्रोसेसर वेगळा बसवावा लागला होता.

शिवाय जुना कोड वाचणं हेच मोठं काम असतं. पोकेमॉनच्या लढाया निन्टेन्डो ६४ या मोठ्या मशीनवर आणायच्या होत्या, तेव्हा गेम फ्रीककडे त्या कोडचे नीट लिहिलेले कागदपत्र नव्हते. सातोरू इवाता तेव्हा एचएएल लॅबोरेटरी या दुसऱ्या कंपनीचे प्रमुख होते. त्यांनी मूळ सोर्स कोड वाचून काढला आणि साधारण आठवड्याभरात लढाईचा भाग नव्या मशीनवर चालवून दाखवला. हेच इवाता २००२ मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. सगळ्यांच्या नशिबी असा माणूस नसतो. 'किंगडम हार्ट्स' या गाजलेल्या खेळाची मूळ सामग्री हरवल्यामुळे त्याची एचडी आवृत्ती काढताना बराच भाग नव्यानं तयार करावा लागला.

म्हणून रीमेक सहसा नव्या सांगाड्यावर उभा राहतो. २९ जानेवारी २००४ रोजी जपानमध्ये आलेले 'फायररेड' आणि 'लीफग्रीन' हे पहिल्या पोकेमॉनचे रीमेक. त्यांच्यासाठी २००२ च्या 'रुबी' आणि 'सफायर' या खेळांचा सांगाडा वापरला गेला.

या रीमेकमागे एक व्यावहारिक गरजही होती. 'रुबी-सफायर'मध्ये प्राण्यांची माहिती साठवण्याची पद्धतच बदलली होती. त्यामुळे जुन्या कार्ट्रिजमधले प्राणी नव्यात आणता येत नव्हते आणि मूळ १५१ पैकी बरेच प्राणी नव्या खेळांत मिळतही नव्हते. ज्या मुलानं चार-पाच वर्षं खपून प्राणी गोळा केले, त्याचा सगळा संग्रह मागेच अडकला. रीमेकमुळे निदान ते प्राणी पुन्हा पकडायची सोय झाली.

चित्र मोठं झालं की काय बिघडतं?

छोट्या पडद्यावर खेळणाऱ्याची कल्पनाशक्ती बरंच काम करते. आठ-दहा चौकोनी झाडं म्हणजे जंगल आणि चार घरं म्हणजे शहर, हे तो मान्य करतो. तेच शहर स्वच्छ थ्रीडी चित्रात दाखवलं की चार घरांचं शहर खोटं वाटू लागतं. मग घरं वाढवायची का? वाढवली तर चालायचं अंतर वाढतं, आणि खेळाचा वेग बदलतो.

२००९ चे 'हार्टगोल्ड' आणि 'सोलसिल्व्हर' हे १९९९ च्या 'गोल्ड-सिल्व्हर'चे रीमेक. निन्टेन्डो डीएसला दोन पडदे होते. त्यामुळे पिशवी आणि मेनू खालच्या टच पडद्यावर गेले आणि वरचा पडदा खेळासाठी मोकळा राहिला. पकडलेला प्राणी खेळाडूच्या मागे चालू लागला. संगीत नव्यानं केलं गेलं, पण खेळात एक अशी वस्तूही ठेवली, जी वापरली की गेम बॉयच्या काळातलं चार चॅनेलचं संगीत ऐकू येतं. जुनं फेकून दिलं नाही, बाजूला जपून ठेवलं. या जोडीच्या सव्वा कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या.

चुका दुरुस्त करायच्या की ठेवायच्या?

मूळ 'रेड-ग्रीन'मध्ये चुका बऱ्याच होत्या. 'फोकस एनर्जी' नावाची युक्ती वापरली की जोरदार फटका बसण्याची शक्यता वाढायला हवी होती. कोडमधल्या चुकीमुळे ती उलट कमी व्हायची. 'सायकिक' गटातल्या प्राण्यांवर 'घोस्ट' गटाचे हल्ले भारी पडतात, असं खेळातली पात्रं सांगायची. प्रत्यक्षात त्या हल्ल्यांचा काहीच परिणाम होत नव्हता. त्यामुळे सायकिक प्राणी डोईजड झाले होते. इंग्रजी आवृत्तीत ठरावीक क्रमानं फिरलं की 'मिसिंगनो' नावाचा तुटक्या चित्राचा एक विचित्र प्राणी समोर यायचा. तो यावा असं बनवणाऱ्यांनी ठरवलंच नव्हतं.

पहिल्या दोन चुका पुढच्या खेळांत आणि रीमेकमध्ये दुरुस्त झाल्या. तिसरीचं काय? मिसिंगनोमुळे खेळ बिघडू शकत होता, पण शाळेच्या मधल्या सुट्टीत सर्वांत जास्त चर्चा त्याचीच व्हायची. रीमेकमध्ये तो नाही. तांत्रिकदृष्ट्या निर्णय बरोबरच आहे. तरीही अनेक जुन्या खेळाडूंसाठी त्या खेळाचा एक तुकडा तिथेच गळून पडला.

किती बदलायचं? एकाच खेळाचे दोन रीमेक

या प्रश्नाचं एकच उत्तर नाही, हे एका खेळाच्या दोन रीमेकमध्ये दिसतं. जपानच्या स्क्वेअर कंपनीनं १९९१ मध्ये गेम बॉयसाठी काढलेला खेळ इंग्रजीत 'फायनल फँटसी अॅडव्हेंचर' म्हणून ओळखला जातो. २००३ मध्ये 'स्वॉर्ड ऑफ मना' या नावानं त्याचा रीमेक आला. त्यात कथा वाढवली, नियम बदलले, बरंच काही नवीन घातलं. २०१६ मध्ये त्याच खेळाचा आणखी एक रीमेक मोबाईलसाठी आला, 'अॅडव्हेंचर्स ऑफ मना'. यात चित्रं थ्रीडी झाली, पण कथा आणि नकाशे मूळ खेळाच्या जवळ ठेवले. पहिल्यानं घाट बदलला, दुसऱ्यानं घाट राखून धातू बदलला.

राखून ठेवण्यातही धोका असतोच. २०२१ मध्ये स्विचवर आलेले 'ब्रिलियंट डायमंड' आणि 'शायनिंग पर्ल' हे २००६ च्या खेळांचे रीमेक आयएलसीए या कंपनीनं मूळ आराखड्याला धरून बनवले. त्यांच्या १ कोटी ४० लाखांहून जास्त प्रती खपल्या, पण अनेक खेळाडूंची तक्रार उलटी होती: पंधरा वर्षांनी तेच पुन्हा द्यायचं, तर रीमेक कशाला?

पुण्या-मुंबईत काय घडलं?

रीमेकचं हे काम महाराष्ट्रातही झालं आहे. तो खेळ हॅण्डहेल्ड रोल-प्लेइंग गेम नव्हता, पण अडचणी त्याच होत्या.

फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे आणि मुंबईतला २०१८ मध्ये सुरू झाला. १० सप्टेंबर २०२० रोजी कंपनीनं जाहीर केलं की २००३ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या खेळाचा रीमेक पुणे आणि मुंबईच्या टीम करत आहेत. एवढ्या मोठ्या नावाच्या खेळाची मुख्य जबाबदारी भारतीय स्टुडिओंकडे असणं ही तेव्हा मोठी बातमी होती.

पण ट्रेलर आल्यावर जगभरातून टीका झाली. चेहरे आणि प्रकाशयोजना जुनाट दिसते, असं लोकांचं म्हणणं होतं. खेळ २१ जानेवारी २०२१ रोजी यायचा होता. तारीख आधी १८ मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये हे काम युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं. मूळ खेळ तिथेच बनला होता. तिथेही तो पूर्ण झाला नाही. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं हा रीमेक रद्द केल्याचं जाहीर केलं.

या प्रकरणाकडे फक्त "भारतीयांना जमलं नाही" असं पाहणं चुकीचं ठरेल. मूळ खेळ घडवणाऱ्या स्टुडिओच्या हातूनही तो बाहेर पडला नाही. शिवाय त्याच पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला 'राजी' हा स्वतंत्र खेळ २०२० मध्ये सर्वांत आधी स्विचवरच प्रसिद्ध झाला. नवीन खेळाची तुलना करायला लोकांकडे काही नसतं. रीमेकची तुलना मात्र प्रत्येकाच्या आठवणीशी होते, आणि आठवणीतला खेळ नेहमीच मूळ खेळापेक्षा देखणा असतो.

जुन्या मशीनवर मराठी बसली असती का?

हा प्रश्न गमतीचा वाटला तरी यातून जुन्या मशीनची मर्यादा नेमकी कळते. गेम बॉयचं चित्र ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटी जोडून तयार व्हायचं. एका चौकटीत एक अक्षर. जपानी काना लिपी त्यात बसायची, इंग्रजी अक्षरंही बसली. तरी जपानी नाव पाच अक्षरांत मावायचं, तिथे इंग्रजीला दहा जागा द्याव्या लागल्या आणि इंग्रजी आवृत्तीचं कार्ट्रिज दुप्पट, म्हणजे १ मेगाबाइटचं झालं.

आता 'मूर्ती' हा शब्द घ्या. मधे शिरोरेघ, वर वेलांटी आणि रफार, खाली ऊकार. आठ ठिपक्यांच्या उंचीत हे वाचता येईल असं बसवणं जवळपास अशक्य. जोडाक्षरं तर वेगळीच. आज ही अडचण मशीनची राहिलेली नाही. गोडो या मोफत गेम इंजिनमध्ये २०२३ च्या चौथ्या आवृत्तीपासून देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवून दाखवायची सोय आहे. 'पोकेमॉन गो' २०२३ मध्ये हिंदीत आला. पोकेमॉनच्या मुख्य मालिकेत मात्र मराठी किंवा हिंदी नाही. आता अडतं ते बाजाराच्या हिशेबापाशी.

घरी बसून कुणी आवडत्या खेळाचा रीमेक करू शकतं का?

तंत्राचं पाहिलं तर हो. भंडारा, तुमसर किंवा साकोलीत साधा कॉम्प्युटर असलेल्या विद्यार्थ्यालाही गोडो मोफत मिळतं. 'जीबी स्टुडिओ' नावाचं मोफत साधन वापरून तर खऱ्या गेम बॉयवर चालेल असा नवीन खेळही बनवता येतो.

कायद्याचं पाहिलं तर जपून. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला साहित्यकृतीसारखंच संरक्षण आहे आणि तिचं रूपांतर करायचा हक्क मालकाचा असतो. 'मेट्रॉइड २' हा १९९१ चा गेम बॉयवरचा साहसी खेळ. एका चाहत्यानं अनेक वर्षं खपून त्याचा रीमेक बनवला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये मोफत दिला. काही दिवसांतच निन्टेन्डोच्या कायदेशीर हरकतीमुळे तो उतरवावा लागला. पुढच्या वर्षी कंपनीनं त्याच खेळाचा स्वतःचा रीमेक काढला.

मात्र प्राणी पकडायचे, पातळी वाढवायची, आलटून-पालटून लढायचं, ही कल्पना कुणाच्या मालकीची नसते. पात्रं, नावं, चित्रं, संगीत आणि कोड यांवर हक्क असतो. म्हणूनच शिकण्यासाठी जुन्या खेळाचा एखादा भाग स्वतःपुरता बनवून पाहणारे बरेच जण पुढे त्याच नियमांवर आपली कथा रचतात.

रीमेक आला की मूळ खेळ कुठे जातो?

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी तिथे निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत, असं त्यात आढळलं.

पोकेमॉनचंच उदाहरण बोलकं आहे. मूळ 'रेड', 'ब्लू' आणि 'यलो' २०१६ मध्ये निन्टेन्डो ३डीएसच्या ऑनलाइन दुकानात जसेच्या तसे उपलब्ध झाले होते. २७ मार्च २०२३ रोजी त्या दुकानातली विक्री बंद झाली आणि तो रस्ताही संपला. उरली ती जुनी कार्ट्रिज, ज्यांच्या बॅटऱ्या आता तीस वर्षांच्या होत आल्या आहेत.

रीमेक हा मूळ खेळाचा वारस असतो, पण तो मूळ खेळ नसतो. नव्या भांड्यात वरण तितकंच चांगलं शिजतं. जुनं भांडं मात्र मोडीत गेलं की परत येत नाही. भांड्याच्या बाबतीत यावर उपाय नाही, कारण धातू तोच वापरायचा असतो. खेळाचं तसं नाही. नवीन घडवण्यासाठी जुनं वितळवावं लागत नाही, दोन्ही एकाच वेळी दुकानात राहू शकतात. ती सोय ठेवायची की नाही, हे फक्त कंपन्यांच्या हातात आहे.